शुद्ध इंग्रजी आणि तळलेला बटाटा

गेल्या महिन्यात आमचे एक स्नेही विलायतेहून परत आले आणि रिवाजाप्रमाणे मंडळींस आपल्या प्रवासाच्या हकीकती सांगावयास बसले. त्यांतील एक हकीकत लीड्स शहराची होती. तेथील एका मासे-चिप्सच्या दुकानात त्यांनी 'फिशकेक' मागितला. फिशकेक म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा आणि मासा एकत्र मळून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली वडी, अशी त्यांची समजूत. आणि कोश उघडून पाहिला तर ती बरोबरही ठरावी. परंतु दुकानदाराने हाती ठेवले ते निराळेच होते. बटाट्याच्या दोन जाड चकत्या, त्यांच्यामध्ये माशाचा तुकडा, आणि ते सगळे पिठात बुडवून तळलेले. आमच्या स्नेह्यांनी दुकानदारास त्याची चूक समजावून सांगितली. दुकानदाराने "हाच फिशकेक" एवढेच म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिले. "साहेबाच्या देशात आता साहेबालाच इंग्रजी येईनासे झाले," या वाक्याने हकीकत संपली, आणि मंडळी पोट धरून हसली.

आम्ही हसलो नाही. त्या वेळी वाद घालणे यजमानांच्या घरी प्रशस्त दिसले नसते म्हणून गप्प बसलो. येथे ती अडचण नाही. आमचे म्हणणे असे की, त्या दिवशी त्या दुकानात इंग्रजी न येणारा मनुष्य एकच होता, आणि तो गल्ल्यामागे उभा नव्हता. यॉर्कशायरात फिशकेक म्हणजे दोन चकत्यांमधला मासा, हे तेथील शाळकरी पोरही जाणते. जो पदार्थ ज्या गावी बनतो, विकला जातो आणि खाल्ला जातो, त्या गावाचा त्यास दिलेला शब्द हाच त्याचा खरा शब्द होय; आणि त्या शब्दाची परीक्षा घेण्याचा अधिकार कोशास नाही, परगावच्या पाहुण्यास नाही, आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या आम्हां-तुम्हांस तर मुळीच नाही. ही गोष्ट तळलेल्या बटाट्यापुरती क्षुल्लक आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी थोडा वेळ आमच्याबरोबर त्या दुकानात येऊन उभे राहावे.

हे दुकान कसे जन्मास आले, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. मासा पिठात बुडवून तेलात तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेल्या यहुद्यांनी इंग्लंडात नेली, असे मानतात. चार्ल्स डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' कादंबरीत (१८३७-३९) तळलेल्या माशांच्या दुकानाचा उल्लेख आला आहे. त्या माशाची तळलेल्या बटाट्याशी गाठ प्रथम कोणी घातली, याविषयी दोन पक्ष आहेत. लंडनातील जोसेफ मॅलिन या यहुदी गृहस्थाने १८६० च्या सुमारास, असे एक पक्ष म्हणतो. लँकेशायरातील मॉसली गावी जॉन लीस याने १८६३ च्या सुमारास, असे दुसरा. म्हणजे मुळातच या धंद्यास एक राजधानी नाही. पुढे गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतून गल्लीगल्लीत अशी दुकाने निघाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांची संख्या सुमारे ३५,००० होती. आज ती १०,००० च्या आसपास उरली आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इतर बहुतेक अन्नावर रेशन लावले, पण मासे-चिप्सवर लावले नाही. कामकरी माणसाच्या तोंडचा हा घास काढून घेणे शहाणपणाचे नव्हे, हे राज्यकर्त्यांस कळले होते. बहुतेक दुकाने एकेका कुटुंबाची. नवरा तळणार, बायको बांधून देणार, आणि गिऱ्हाईक त्याच चार गल्ल्यांतले. अशा ठिकाणी पदार्थास नाव कोण देणार? जो मागतो तो आणि जो देतो तो, असे दोघे मिळून देणार. तिसऱ्याचा तेथे संबंधच नाही.

आता तीच चकती घ्या. बटाट्याची एक जाड चकती, पिठात बुडवून तळलेली. आपल्या वाचकांस सांगावयाचे तर सरळ बटाट्याची भजी, फक्त बेसनाच्या जागी मैदा आणि तिखटाच्या जागी काही नाही. उत्तर इंग्लंडात व मध्य भागातील काही गावांत हिला 'स्कॅलप' म्हणतात, दुसरीकडे 'फ्रिटर' म्हणतात, आणि विगन गावाकडे 'स्मॅक' म्हणतात. तळताना कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा, जो आपल्याकडील वडेवाला पावात भरून देतो, तो यॉर्कशायरात 'स्क्रॅप्स', लँकेशायरात 'बिट्स' आणि दक्षिण वेल्समध्ये 'स्क्रम्प्स'. त्याच वेल्समध्ये 'रिसोल' म्हणजे खारवलेल्या डबाबंद गोमांसाचा आणि बटाट्याचा तळलेला गोळा. हल या बंदरी शहरात 'पॅटी' म्हणजे सेज नावाचा पाला घालून कुस्करलेला बटाटा पिठात बुडवून तळलेला. ती पॅटी पावात घालून हलचा मनुष्य उभ्या-उभ्या खातो, तेव्हा तो वडापावच खात असतो, फक्त त्यास ते ठाऊक नाही.

पावाची कथा याहून मोठी आहे. चिप्स पावात घालून खाण्याची तेथे फार आवड. शेफील्डच्या एका फुटबॉल संघाच्या चाहत्यांचे गाणेच या पदार्थाच्या नावाने ओळखले जाते. परंतु तो पाव मागावयाचा कोणत्या नावाने? मँचेस्टरात 'बार्म' म्हणावे. तेथून सात-आठ मैलांवर ओल्डमला गेलात की 'मफिन' म्हणावे. डोंगर ओलांडून चाळीसएक मैलांवर पश्चिम यॉर्कशायरात उतरलात की 'टीकेक'. आणि तेथे जर दक्षिणेकडील एखादा पाहुणा 'टीकेक म्हणजे मनुका घातलेला गोड पाव' असे सांगू लागला, तर आमच्या स्नेह्यांची जी गत झाली तीच त्याची होईल. शेफील्ड आणि हलकडे 'ब्रेडकेक', नॉटिंगहॅम आणि डर्बीकडे 'कॉब', कॉव्हेंट्रीत 'बॅच'. न्यूकॅसलचा 'स्टॉटी' चपटा, जड आणि दातांस काम देणारा. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. तेथे बारा कोसांची सवड कोणी देत नाही.

हे शब्द म्हणजे एका शुद्ध शब्दाचे अडाणी लोकांनी केलेले अपभ्रंश आहेत, अशी एक समजूत आहे. ती निखालस खोटी आहे. 'बार्म' म्हणजे मद्य आंबविताना वर येणारा फेस. त्या फेसाने पीठ फुगवून जो पाव केला तो बार्मचा पाव. हा भटारखान्यातला जुना शब्द आहे, आणि दुकानात चिप्स तळणे सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तो त्या प्रांतात नांदत आहे. 'बॅच' म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेला घाणा. म्हणजे एका गावाने पावास तो कशाने फुगला यावरून हाक मारली, दुसऱ्याने तो भट्टीत कसा गेला यावरून. जेथे राजधानीचा 'रोल' हा शब्द एवढेच सांगतो की वस्तू गोल आहे, तेथे या गावंढळ म्हटलेल्या शब्दांत भटाऱ्याचा अख्खा धंदा साठविलेला आहे. अडाणी कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

ज्या ऑक्सफर्डचे नाव घेऊन आपण आपल्या मुलांचे इंग्रजी सुधारतो, त्या ऑक्सफर्डने या बाबतीत काय केले, हेही सांगितले पाहिजे. जोसेफ राइट (१८५५-१९३०) हा ब्रॅडफर्डजवळचा गरीब मुलगा. सहा-सात वर्षांच्या वयात कामास लागला, सूतगिरणीत राबला, आणि वाचावयास शिकला तेव्हा त्याचे वय पंधराच्या घरात होते. हाच मनुष्य पुढे ऑक्सफर्डात तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि त्याने इंग्रजीच्या प्रांतिक बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८-१९०५) सिद्ध केला. आपल्या गिरणीतील सोबत्यांची बोली त्याने लपविली नाही. ती शास्त्राच्या चौरंगावर आणून बसविली. पुढे १९५० ते १९६१ या काळात हॅरल्ड ऑर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडातील ३१३ ठिकाणी जाऊन बोलींची पाहणी केली. हे कामही थोर होय. परंतु त्यांचा कटाक्ष खेड्यांतील म्हाताऱ्या शेतकऱ्यांवर होता, म्हणून गिरणगावच्या गल्लीतली बोली बहुतांशी त्या पाहणीच्या बाहेर राहिली. नांगराच्या भागांस गावोगाव काय म्हणतात ते पंडितांनी कसोशीने टिपले. शनिवारी रात्री गिरणीतून सुटलेला मनुष्य दुकानात काय मागतो, ते टिपावयास फार उशिरा कोणी आले. अलीकडे मँचेस्टर विद्यापीठातील अभ्यासकांनी पावाच्या नावांचे नकाशे केले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सोयीचा. देश एक, भाषा एक, मग पदार्थास नाव एक का नसावे? परगावच्या माणसाचा घोटाळा होतो, तो टळेल. यास आमचे उत्तर असे की, एका नावाने सोय होते हेच मुळी सिद्ध झालेले नाही. स्कॉटलंडचे उदाहरण घ्या. तेथे 'सपर' म्हटले की तो पदार्थ चिप्ससहित, आणि 'सिंगल' म्हटले की नुसता. 'फिश सपर' म्हणजे मासा आणि चिप्स, 'पाय सपर' म्हणजे मांसाची पाय आणि चिप्स, 'हॅगिस सपर' म्हणजे हॅगिस आणि चिप्स. एका शब्दात सगळा व्यवहार आटोपला. प्रमाण इंग्रजीत 'सपर' म्हणजे रात्रीचे जेवण, हे सर्वांस ठाऊक आहे. पण 'चिप्ससहित' या अर्थाचा एक शब्द प्रमाण इंग्रजीने अजून घडविला नाही. मग कोणी कोणाकडून शिकावयाचे? एडिंबरोतील दुकानदार 'मीठ आणि सॉस?' असे विचारतो, कारण तेथे व्हिनेगर मिसळून पातळ केलेला तपकिरी सॉस वर ओततात. पन्नास मैलांच्या आत ग्लासगोत तोच प्रश्न 'मीठ आणि व्हिनेगर?' असा होतो. या दोन शहरांचे यावरून जे वैर आहे, त्यात पडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण येथे नाव निराळे आहे ते वस्तू निराळी आहे म्हणून. नाव एक केले, तर उद्या वस्तूही एक करावी लागेल.

ही नावे कोणत्या टांकसाळीत पडतात, याची एक गोष्ट डब्लिन शहरात सांगतात. १८८० च्या दशकात, जेव्हाची ही गोष्ट आहे, तेव्हा ते शहर ब्रिटिश राज्यातच होते. जुसेप्पे चेर्वी नावाच्या इटालियनाने तेथे दुकान मांडले. त्याची पत्नी पाल्मा हिला इंग्रजी येत नसे. ती मासा आणि चिप्स बोटाने दाखवून आपल्या भाषेत 'यातले एक, त्यातले एक?' असे विचारी. त्यावरून मासे-चिप्सच्या पुडीस 'वन अँड वन' हे नाव पडले, आणि एका परदेशी बाईचे ते मोडके वाक्य सबंध शहराने आपले म्हणून उचलले. व्याकरणाच्या मास्तराने या बाईस किती गुण दिले असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्यास उडवून लावणे आम्हांस शोभणार नाही. काही नावे खोटी असतात, असे म्हणतात. स्कॅलप हा समुद्रातील शिंपल्यात राहणारा एक महागडा जीव. बटाट्याच्या चकतीस ते नाव देणे ही फसवणूक नव्हे काय? आम्ही विचारतो, यात फसले कोण? चार नाण्यांत मिळणारी चकती मागताना आपल्यास शिंपल्यातला जीव मिळेल, अशी आशा त्या गल्लीत कोणी बाळगली होती? मागणारा बटाटा मागतो आणि देणारा बटाटा देतो; शब्दाने आपले काम चोख बजाविले. शब्दाचा खरेखोटेपणा कोशात पाहून कळत नाही. मागणाऱ्याच्या मनात जे होते तेच त्याच्या हातात पडले की नाही, ही त्याची कसोटी.

ही कसोटी आता दुसरीकडे लावून पाहा. लंडन आणि दक्षिण इंग्लंडातील दुकानांत 'रॉक सॅमन' नावाचा मासा मिळतो. सॅमन म्हणजे माशांतला सरदार. पण या रॉक सॅमनचा त्या सरदाराशी कसलाही संबंध नाही. तो एक लहान शार्क. आपल्या कोकणात ज्यास मुशी किंवा मोरी म्हणतात, त्या गोतातला. इंग्रजीत त्याचे साधे नाव 'डॉगफिश', म्हणजे कुत्रामासा. हे नाव ऐकून गिऱ्हाईक तोंड फिरवील, म्हणून व्यापाऱ्यांनी त्यास भारदस्त नाव चढविले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि हे नाव कायद्यास मान्य आहे! मासळीची व्यापारी नावे ठरविणाऱ्या सरकारी यादीत 'रॉक सॅमन', 'हस', 'फ्लेक' ही सर्व नावे चालतात. २०१९ साली एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण इंग्लंडातील चिप्सच्या दुकानांतून असे तुकडे गोळा करून त्यांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक तुकडे काटेरी डॉगफिशचे निघाले. आणि ही जात जगातील संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे खाणारा आपण काय खातो हे न जाणता एका संकटात सापडलेल्या जातीचा घास घेत होता. असेच काही आपल्याकडेही चालते, हे कबूल केले पाहिजे. मुंबईच्या हॉटेलांत रावसास 'इंडियन सॅमन' म्हणतात, ते रावसाच्या कल्याणासाठी नव्हे.

या दोन नावांतील भेद आमच्या मते या सर्व वादाचे मर्म आहे. 'स्कॅलप' हे नाव गल्लीने गल्लीसाठी केले. 'रॉक सॅमन' हे नाव विकणाऱ्याने घेणाऱ्यासाठी केले. पहिल्यात दोघेही जाणते आहेत. दुसऱ्यात एक जाणता आणि एक अजाण आहे. आणि तरी शिष्ट मंडळी हसतात ती पहिल्यास! सरकारी शिक्का असलेले खोटे नाव त्यांच्या कानास खटकत नाही, कारण ते प्रमाण इंग्रजीत आहे. बिनशिक्क्याचे खरे नाव खटकते, कारण ते विगनच्या कामकऱ्याच्या तोंडी आहे. विगनात तर मांस भरून वाफविलेल्या मैद्याच्या पुडिंगास 'बॅबीज येड', म्हणजे बाळाचे डोके, असे म्हणतात. आणि वाटाणे शिजल्यावर वर राहणारे जे पाणी, ज्यास आपण कट म्हणू, त्यास 'पी वेट'. बाळाचे डोके म्हटल्याने तेथे आजवर कोणाही आईचा थरकाप उडाल्याचे आम्ही ऐकले नाही.

कोणी म्हणेल की, ज्यांस एखादा पदार्थ बाधतो त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. फिशकेकमध्ये काय आहे हे नावावरून कळावयास नको काय? परंतु ती सोय कायद्याने नावास हात न लावता केली आहे. २०१४ च्या डिसेंबरापासून तेथील प्रत्येक दुकानास मासा, गहू, अंडे इत्यादी १४ बाधक वस्तूंपैकी पदार्थात काय काय आहे, हे गिऱ्हाइकास सांगावे लागते. आत काय आहे ते सांगा, नाव तुमचे तुम्ही ठेवा. हा न्याय आम्हांस सर्वथा मान्य आहे.

एका नावाखाली सर्व पदार्थ आणल्याने काय होते, हे पाहण्यास खरे म्हणजे विलायतेस जावयास नको. पण योगायोगाने त्याचा पुरावा त्याच दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेला असतो. ज्या दुकानात पावास दहा नावे आणि चुऱ्यास तीन, तेथे एक पदार्थ असा आहे की, जो देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच नावाने मागतात. तो म्हणजे 'करी सॉस'. पिवळसर, दाट, किंचित गोड. हा शब्द तमिळातून निघून इंग्रजीत गेला, असे कोशकार मानतात. आणि तेथून तो सबंध हिंदुस्थानच्या ताटावर झाकणासारखा येऊन बसला. आपली आमटी, रस्सा, सार, कालवण, गोव्याचे हुमण, बंगाल्याचा झोल, मद्राशाचे कुळंबू, या सर्वांस त्या एका शब्दाने एकाच पातेल्यात ओतले. आपल्या आज्यांनी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. आज आपली नातवंडे परदेशी पाहुण्यास आमटी वाढताना 'करी' म्हणून वाढतात, आणि त्यांस त्यात काही गमावल्यासारखे वाटत नाही. यॉर्कशायरच्या दुकानदारास 'तुझा फिशकेक चुकीचा' असे सांगणारे आमचे स्नेही त्याच दुकानी करी सॉस मात्र मुकाट्याने घेऊन आले असतील, अशी आमची खात्री आहे.

आणि येथे आम्हांस थोडे कडू बोलावे लागते. त्या बैठकीत जे हसू उमटले, ते आम्ही पूर्वी ऐकले होते. पुण्या-मुंबईच्या घरांत साताऱ्याहून किंवा सोलापूरहून एखादी म्हातारी आत्या येते, आणि जेवावयास बसताना 'कोरड्यास काय केलंय?' असे विचारते. तेव्हा मुले तोंडात पदर नसला तरी हात दाबून हसतात, ते हेच हसू. ओल्या पदार्थास 'कोरड्यास' म्हणते, एवढा त्यांचा विनोद. कोरड्या भाकरीस लावून खावयाचे ते कोरड्यास, हे त्यांस कोणी सांगत नाही; कारण सांगणाराही आतून हसत असतो. बटाट्यास स्कॅलप म्हटले म्हणून हसणारा आणि कालवणास कोरड्यास म्हटले म्हणून हसणारा, हे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. फरक एवढाच की, विगनचा मनुष्य या हसण्यास भीक घालीत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा स्मॅकच मागतो. आमची आत्या मात्र दुसऱ्या दिवशी 'भाजी काय केली?' असे विचारते, आणि परत गावी जाईपर्यंत तो शब्द तोंडातून काढीत नाही. आपल्या घरांतून शब्द असे जातात. त्यांस कोणी बाहेर घालवीत नाही, ते आपणहून गप्प होतात.

आमच्या बाजूने बोलणाऱ्या एका वर्गाचीही आम्हांस धास्ती वाटते. हे लोक या शब्दांवर प्रेम करतात, पण ते प्रेम संग्रहालयातल्या पोपटावर करावे तसे. चहाच्या पेल्यांवर आणि स्वयंपाकघरातल्या पंच्यांवर प्रांतोप्रांतीच्या बोलीतले गमतीदार शब्द छापून विकतात. 'पावास तुम्ही काय म्हणता?' हा वाद इंग्रजी वर्तमानपत्रे अधूनमधून उकरून काढतात, दोन दिवस करमणूक होते, आणि तिसऱ्या दिवशी तीच मंडळी मुलाखतीस आलेल्या उमेदवाराच्या तोंडी लँकेशायरचा हेल ऐकून भुवया उंचावतात. शब्द पंच्यावर गोड आणि तोंडात ओंगळ, हा कुठला न्याय? सुधारक निदान सरळ शत्रू आहे. त्याच्याशी भांडता येते.

सर्व शब्द सर्वकाळ टिकावेत, असा आमचा हट्ट नाही. दुकान बंद पडले की त्याचे शब्दही जातात, आणि तेलाचे व माशाचे भाव पाहता पुष्कळ दुकाने बंद पडत आहेत. नव्या वस्तूबरोबर नवे शब्दही येतील. विगनचा मनुष्य लंडनास गेला तर त्याने तेथे स्मॅक मागून अडून बसू नये. तेथे लोणच्यातल्या काकडीस 'वॉली' म्हणतात, ते त्याने शिकून घ्यावे. पाहुण्याने यजमानाची बोली शिकावी, एवढाच आमचा नियम आहे, आणि तो दोन्ही दिशांनी लागू आहे.

आमच्या स्नेह्यांस येत्या उन्हाळ्यात पुन्हा लीड्सला जाण्याचा योग आहे, असे कळते. त्यांनी त्याच दुकानात जावे. फिशकेक मागावा, तो टीकेकमध्ये घालून द्यावयास सांगावे, आणि मनुका शोधीत बसू नये. वर थोडे स्क्रॅप्स मागावयासही विसरू नये; नाव घेऊन मागणाऱ्यास ते बहुधा फुकट मिळतात.